वार्धक्य आणि घरातील न्हाणी
(ज्येष्ठ नागरिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



सन २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींचे प्रमाण शेकडा ११.२ होते. संपूर्ण देशाचे प्रमाण त्या वेळी शेकडा ८.६ होते, आणि एक केरळ वगळले तर या बाबतीत गोव्यापुढे कोणतेही राज्य नव्हते. या आकड्यांमागील चित्र पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही वाड्यावर पाहावयास मिळते. पाच-सहा खोल्यांचे चिरेबंदी घर, पुढे तुळशीवृंदावन, आणि घरात राहणारी माणसे एक किंवा दोन. मुले मुंबईस, पुण्यास, आखातात अथवा त्याहूनही दूर. चतुर्थीस घर भरते आणि विसर्जनानंतर पुन्हा रिकामे होते.

अशा घरातील वृद्धांना दोन वेळचे जेवण कोणी करून देतो, औषधे कोणी आणून देतो, बँकेचे काम शेजारचा मुलगा करतो. स्नान आणि शौच ही कामे मात्र दुसऱ्यावर सोपविता येत नाहीत, आणि ती सोपविण्याची वेळ आली म्हणजे माणूस खचतो. वृद्ध व्यक्ती स्वतःच्या घरी आणखी किती वर्षे राहू शकेल, हे पुष्कळ अंशी घरातील सर्वांत दुर्लक्षित अशा खोलीवर अवलंबून असते, ते यामुळेच.

गोव्यातील जुन्या हिंदू घराची रचना येथे ध्यानात घेतली पाहिजे. राजांगणाभोवतीच्या खोल्या ओलांडून गेल्यावर स्वयंपाकघर लागते आणि त्याच्याही पाठीमागे, दोन पायऱ्या उतरून, न्हाणी असते. एका कोपऱ्यात चुलीवर तांब्याचे भाण, शेजारी थंड पाण्याची दोण, खाली गुळगुळीत दगडी फरशी किंवा कोबा, आणि धूर जाण्यापुरता एक झरोका. शौचकूप तर परसात, घरापासून अंतरावर. बांधणाऱ्यांनी हे अविचाराने केले असे मुळीच नव्हे. सांडपाणी घरात शिरू नये म्हणून न्हाणी खोलगट ठेवली. धूर आणि ओल यांपासून घर दूर राहावे म्हणून ती मागे टाकली. आणि घरातील सर्व माणसे पाटावर उकिडवी बसून स्नान करणारी होती. भोवती दहा-पंधरा माणसांचा राबता असे. कोणी घसरले तर हाक ऐकणारे दोन खोल्यांच्या अंतरावर असत. घर तसेच राहिले. राबता तेवढा गेला.

वयाबरोबर शरीरात होणारे बदल प्रत्येक जण जाणतो, परंतु न्हाणीघरात ते सर्व एकाच वेळी एकत्र येतात. गुडघे वाकत नाहीत. मोतीबिंदूमुळे ओली फरशी आणि कोरडी फरशी यांतील भेद दिसत नाही. बसल्या स्थितीतून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री लघवीसाठी दोन-तीनदा उठावे लागते, आणि ते अर्धवट झोपेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्युमुखी पडतात, आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठ वर्षांवरील व्यक्तींचे असते. खुब्याचे हाड मोडल्यावर जगले-वाचलेले सर्वच वृद्ध पूर्वीसारखे चालू लागत नाहीत, हेही अनेक कुटुंबांनी अनुभवले आहे.

याखेरीज एक हानी अशी आहे की ती कोणत्याही नोंदवहीत येत नाही. रात्री परसात जावे लागू नये म्हणून अनेक वृद्ध स्त्रिया सायंकाळी पाणी पिणेच बंद करतात. त्यातून बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचे विकार आणि ग्लानी उद्भवते, औषधे वाढतात, आणि मूळ कारण असलेल्या त्या दोन पायऱ्यांचा विचार डॉक्टरही करीत नाहीत, घरचेही करीत नाहीत.

न्हाणीघरातील फेरबदल बहुधा अपघातानंतर होतात. रुग्ण इस्पितळात असताना घाईघाईने गवंडी बोलाविला जातो आणि आठ दिवसांत जे सुचेल ते उरकले जाते. हीच कामे पासष्टीच्या आसपास, हातपाय चालत असताना केली, तर घरातील वृद्ध व्यक्ती स्वतः उभी राहून ती करवून घेऊ शकते. मग ती का केली जात नाहीत? खर्च हे एक कारण आहे, परंतु ते एकमेव नाही. भिंतीवर दांड्या बसविल्या की घराचे इस्पितळ झाले असे अनेकांना वाटते. कित्येक घरांत सोवळ्याओवळ्याचा विचार असतो; स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या लगत शौचकूप नको, असे वृद्ध मंडळीच बजावतात. या आक्षेपाची थट्टा करून काहीही साधत नाही. ज्यांच्यासाठी बदल करावयाचा, त्यांनी ती जागा वापरलीच नाही तर खर्च वाया जातो. स्वयंपाकघराच्या भिंतीस न लागणारी, निजावयाच्या खोलीलगतची व्हरांड्याची बाजू बंदिस्त करून तेथे स्नान-शौचाची सोय करता येते, आणि बहुतेक घरांत वडीलधाऱ्यांचा त्यास विरोध राहत नाही. परसातील जुनी शौचटाकी तशीच वापरात ठेवून केवळ नळ लांबविता येतो. चार इंची नळाला दर चाळीस फुटांस एक फूट ढाळ मिळतो की नाही, एवढे आधी मोजून घ्यावे. तिसरी अडचण खास गोव्याची. घर अनेक वारसांच्या समाईक मालकीचे असते आणि भिंतीला हात लावण्यापूर्वी सर्वांची संमती लागते. ही बोलणी टपालाने किंवा दूरध्वनीवर वर्षानुवर्षे रेंगाळतात. चतुर्थीस सारे एकत्र येतात, तेव्हा ती उरकून लेखी संमती घेणे शहाणपणाचे ठरते.

प्रत्यक्ष कामाकडे वळल्यावर पहिला प्रश्न त्या दोन पायऱ्यांचा. पायऱ्यांवर उतरण बांधावी असे गवंडी सुचवितो, आणि त्याचे गणित सहसा कोणी करीत नाही. आधाराने चालणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीवरील माणसासाठी उतरण निदान १ : १२ या प्रमाणात असावी लागते, म्हणजे एक फूट चढासाठी बारा फूट लांबी. सहा इंचांच्या दोन पायऱ्या म्हणजे बरोबर एक फूट. बारा फुटांची उतरण मावेल एवढी न्हाणीच नसते. जागेअभावी तीन-चार फुटांत बांधलेली उतरण ही पायऱ्यांपेक्षा अधिक घातक होय, कारण पायरीवर पाऊल निदान सपाट टेकते. अशा ठिकाणी न्हाणीची जमीनच भराव घालून स्वयंपाकघराच्या पातळीस आणावी. जुन्या न्हाण्यांचे छप्पर पुरेसे उंच असते, त्यामुळे एक फूट गेल्याने अडत नाही. उलट जमीन उचलल्यामुळे सांडपाण्याच्या नळाला हवा तो ढाळ मिळतो. अडते ते दाराशी. सहा फुटी दार पाच फुटांचे होते आणि कपाळमोक्षाची नवी सोय होते. यासाठी दारावरील पाटणी उचलून घेण्याचे काम भरावाबरोबरच हिशेबात धरावे. भराव नीट चोपून बसू द्यावा. अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात फरशी खचून पाणी नको तिकडे वाहू लागते.

न्हाणी आणि बाहेरील खोली यांमधला उंबरठा हाही असाच. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो तीन-चार इंच उंच ठेवलेला असतो, आणि रात्रीच्या अंधारात पाय नेमका तेथेच अडखळतो. तो काढून टाकावयाचा तर पाण्याची दुसरी व्यवस्था हवी. दारापासून दूरच्या कोपऱ्याकडे फरशीला ढाळ द्यावा आणि दारालगत, जाळीचे झाकण असलेली अरुंद पन्हळ खोदून ती त्याच मोरीला जोडावी. ढाळ नजरेने ठरवू नये. पातळी लावून, आणि काम संपताच बादलीभर पाणी ओतून तो तपासावा. पाणी कोठे साचते ते तेव्हाच दिसते.

फरशीच्या निवडीत दुकानदाराचा आग्रह चकचकीत मालाकडे असतो. जुना गुळगुळीत लाल कोबाही कोरडा असताना सुखद आणि साबणाच्या पाण्याने ओला झाल्यावर बर्फासारखा असतो. खरखरीत पृष्ठभागाच्या, आकाराने लहान फरश्या घ्याव्यात. लहान फरश्यांत सांधे अधिक येतात आणि पायास पकड मिळते. फरशीच्या पकडीची जी श्रेणी दुकानात सांगितली जाते, ती बहुधा पादत्राणे घातलेल्या पायासाठी असते. न्हाणीत माणूस अनवाणी असतो. त्यापेक्षा दुकानातच नमुन्याच्या फरशीवर साबणाचे पाणी टाकून अनवाणी टाच घासून पाहणे ही खात्रीची परीक्षा. फरशी आणि कमोड दोन्ही पांढरे ठेवू नयेत. मंद दृष्टीच्या माणसाला पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही. बैठक कोठे आहे हे त्याने चाचपून का ठरवावे?

दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला की त्याच्याच देहाने दार अडते आणि मदतीस आलेल्यांना ते फोडावे लागते. कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवावी. लाकडी दारे पावसाळ्यात फुगून घट्ट होतात, ती ओढताना तोल जातो. अशा जागी फायबरचे किंवा पीव्हीसीचे दार बरे. मोकळी रुंदी तीन फूट, म्हणजे ९० सेंटिमीटर मिळाली तर उत्तम. आज चाकाची खुर्ची लागत नसली तरी आधार देणारा माणूस शेजारून चालतो, त्यालाही जागा लागते. खुर्ची पूर्ण वळवावयाची झाल्यास पाच फूट व्यासाचे मोकळे वर्तुळ हवे, आणि जुन्या घरांतील न्हाण्यांत ते पुष्कळदा मिळते.

भिंतीवरील आधाराच्या दांड्या, ज्यांना बाजारात ग्रॅब बार म्हणतात, त्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण गोव्यात या बाबतीत होणारी चूक जीवावर बेतू शकते. येथील भिंती चिऱ्याच्या. चिरा हा सच्छिद्र आणि तुलनेने मऊ दगड. जुन्या घरांत तो मातीत किंवा चुन्यात बांधलेला असतो आणि वर जाड गिलावा असतो. अशा भिंतीत छिद्र पाडून लाकडाची अथवा प्लॅस्टिकची खुंटी ठोकली व तीत स्क्रू पिळला, तर दांडी टॉवेल वाळत घालण्यापुरती टिकते. पडता पडता माणूस तिच्यावर साऱ्या देहाचा भार झटक्यासरशी टाकतो आणि दांडी गिलाव्यासकट हातात येते. नसलेल्या दांडीपेक्षा असा आधार वाईट, कारण माणसाने त्यावर विश्वास ठेवलेला असतो. काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांच्या मुठींचेही तेच.

चिऱ्याच्या भिंतीसाठी खात्रीचा उपाय म्हणजे भिंतीच्या आरपार बोल्ट घालून बाहेरच्या अंगास लोखंडी पट्टी लावून नट आवळणे. बाहेर गंजू नये म्हणून पट्टी गंजरोधक पोलादाची घ्यावी आणि बोल्टचे भोक पावसाच्या पाण्याविरुद्ध बंद करावे. आरपार जाणे शक्य नसेल तेथे दोन-तीन चिरे काढून त्या जागी काँक्रीटचा ठोकळा भरावा आणि त्यात दांडी बसवावी. दांडीची जाडी साधारण दीड इंच असावी म्हणजे मूठ पूर्ण वळते. भिंतीपासून अंतरही दीड इंचच असावे; अधिक ठेवल्यास पडताना हात आत जाऊन अडकतो व मोडतो. काम झाल्यावर घरातील धडधाकट माणसाने आपला सारा भार दांडीवर टाकून पाहावा. गवंड्याला हे आवडत नाही, परंतु पैसे देण्यापूर्वी हे अवश्य करावे.

दांडी किती उंचीवर बसवावी? पुस्तकी मापे आहेत. कमोडच्या बाजूची आडवी दांडी जमिनीपासून सुमारे ७० सेंटिमीटर, आणि बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर. तथापि चार फूट दहा इंच उंचीच्या आजीला आणि पावणेसहा फुटी आजोबांना एकच माप कसे जुळेल? ज्या व्यक्तीसाठी काम आहे, तिला खुर्चीवर बसवून व उठवून, हात आपोआप जेथे जातो तेथे भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. अर्धांगवायू होऊन गेलेला असल्यास दांडी धड हाताच्या बाजूस हवी. धुण्याचा फवाराही कोणत्या हाताशी हवा, ते विचारूनच नळ काढावा. अजून भारतीय पद्धतीचे शौचकूप सोडावयाचे नसेल, तर त्यावर ठेवावयाची, मध्ये गोल मोकळी जागा असलेली खुर्ची मिळते. ती स्वस्त आहे, मात्र तिच्या पायांची रबरी टोपणे झिजली की ती सरकते.

स्नानाच्या बाबतीत परदेशी ग्रंथ आणि माहितीपत्रके आपल्या फारशी उपयोगी पडत नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातील अलेक्झांडर किरा यांच्या संशोधनावर आधारलेला, न्हाणीघर या विषयावरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मानवी शरीराच्या हालचालींवरून या खोलीची मापे ठरवावीत हा विचार त्याने रूढ केला. विचार सर्वत्र लागू आहे. मापे मात्र टबात निजणाऱ्या किंवा फवाऱ्याखाली उभे राहणाऱ्या समाजाची आहेत. आपल्याकडे बादली आणि तांब्या. पाटावरून उठणे अशक्य झाले की घरचे लोक स्टूल आणून देतात; बादली मात्र जमिनीवरच राहते. मग दीड फूट उंचीवर बसलेला वृद्ध प्रत्येक तांब्यासाठी कमरेतून पुढे ओणवतो, एका स्नानात तीस-चाळीस वेळा. तोल जातो तो बहुधा याच वेळी. यावर उपाय अगदी सोपा आहे. नळाखाली एक फूट उंचीचा चौथरा बांधावा आणि बादली त्यावर ठेवावी. बादलीचा काठ बसलेल्या माणसाच्या कोपराजवळ येतो. ती नळाखालीच भरत असल्याने उचलावी लागत नाही. चौथऱ्याच्या कडा गोल कराव्यात. स्टूल रुंद पायांचे, पाठ टेकता येईल असे असावे. सर्व फेरबदलांत सर्वांत कमी खर्चाचा हा बदल असेल आणि सर्वांत कमी घरांत तो आढळतो.

भाणाची जागा आता बहुतेक घरांत गीझरने घेतली आहे. साठ अंश तापमानाचे पाणी काही सेकंदांतच कातडी भाजते. पन्नास अंशांखाली हा धोका पुष्कळ कमी होतो. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसास भाजल्याचे कळतही नाही. म्हणून गीझरचे नियंत्रण पन्नासच्या खाली ठेवावे व बादलीत आधी थंड, मग गरम पाणी घेण्याची सवय लावावी. विजेच्या गळतीत तत्काळ प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण न्हाणीच्या जोडणीवर असलेच पाहिजे. गॅसचा गीझर बंद न्हाणीत कदापि लावू नये. त्याच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गुदमरणाऱ्याला आपण गुदमरत आहोत हे समजत नाही. तो घराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि पाणी नळाने आत आणावे.

बिछान्यापासून न्हाणीपर्यंत रात्रभर मंद दिवा, वीज गेल्यावर आपोआप लागणारा एक दिवा, आणि फरशीपर्यंत लोंबणारी दोरी ओढून वाजणारी घंटा, एवढी सोय विसरू नये. घंटेची दोरी पडलेल्या माणसाच्या हाती लागेल इतकी खाली हवी.

मडगाव, म्हापसा, फोंडा येथील सदनिकांत प्रश्न निराळा. तेथे पायऱ्या नाहीत, पण जागाही नाही. शौचकूप आणि स्नानगृह शेजारी-शेजारी असल्यास मधली भिंत काढून एकच खोली केल्याने वावर सुकर होतो. ती भिंत भार पेलणारी नाही आणि तिच्यातून नळ गेलेले नाहीत याची आधी अभियंत्याकडून खात्री करून घ्यावी. खालच्या मजल्यावर पाझर होऊ नये म्हणून जलरोधक थर नव्याने द्यावा लागतो. तो वगळला की शेजाऱ्याशी भांडण ठरलेले.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सुगम करण्याची सक्ती करतो. खाजगी घराच्या न्हाणीपर्यंत त्या सक्तीचा हात पोहोचत नाही. तथापि केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालयाने २०२१ मध्ये सुगम्यतेची जी एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतील मापे घरासाठीही वापरता येतात आणि गवंड्यापुढे ठेवण्यास ती सोयीची आहेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात निर्वाह या शब्दात अन्न, वस्त्र आणि औषधोपचार यांबरोबर निवासाचाही अंतर्भाव आहे. जेथे स्नानास जाता येत नाही, त्या निवासास निवास म्हणावे काय, याचा विचार मुलांनी करावा. अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची यांसारखी साधने विनामूल्य देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्यवाणी माहिती व मार्गदर्शन देते.

राहता राहिला काळाचा प्रश्न. चतुर्थीस संमती मिळाली, तर काम दिवाळीनंतर सुरू करावे. भराव, फरशी आणि भिंतीतील काँक्रीट यांना सुकण्यास पुरेसे दिवस मिळावेत आणि मिरगापूर्वी एकदा भरपूर पाणी ओतून सर्व तपासता यावे. या दोन-तीन आठवड्यांत घरातील वृद्ध स्नानास व शौचास कोठे जाणार, हे मात्र पहिली कुदळ पडण्यापूर्वी ठरलेले असावे. तात्पुरती सोय म्हणून त्यांना ओल्या सिमेंटवरील फळीवरून नेण्याचा प्रकार अनेक घरांत चालतो. त्याऐवजी तेवढ्या दिवसांसाठी निजावयाच्या खोलीत पडद्याआड कमोडची खुर्ची ठेवावी, आणि स्नानाची सोय शेजारच्या घरी सांगून ठेवावी.